विसंगत

सुक्या मांदेलीची डोकी खुडत बसले होते.
पोटातला काळा धागा नखानं ओढायचा,
नाहीतर रस्सा कडवट होतो.
टीव्हीवर झगे घातलेले नऊ जण आले
आणि म्हणाले, कलम दोनशे एकोणसत्तर
संविधानाशी विसंगत.
चार म्हणाले विसंगत, तीन म्हणाले रद्दच,
दोघे म्हणाले, आहे ते बरं आहे.
मी बेरीज केली. नऊ. बरोबर.

पुढचं वाक्य हात थांबवून ऐकलं:
तरीही कायदा चालू राहील,
पुढच्या वर्षाच्या अखेरपर्यंत.
म्हणजे दाढ किडलीय हे मान्य,
उपटायची वीस महिन्यांनी.
तोवर चावा त्याच बाजूनं.

माझं नाव मल-सून.
आधी चार मुली. बापानं कचेरीत सांगितलं,
ही शेवटची. कारकुनानं तेच नाव लावलं.
शेवटची मी नव्हतेच, माझ्यामागून आणखी एक आली,
मग भाऊ.
नकोशीला नाव द्यायला
कुठल्याच भाषेत शब्द कमी पडत नाहीत.

गुनसानच्या बंदराजवळ, डॉक्टर प्योंच्या दवाखान्यात
एकतीस वर्षं नर्स होते.
आधीच्या काळात सरकारी गाडी यायची, भोंगा लावून:
दोनच पुरे, मुलगा असो की मुलगी.
गाडीतल्या पडद्याआड जे चालायचं
ते याच कलमाखाली गुन्हा होतं.
पोलीस गाडीला वाट करून द्यायचे.

मग गाडी बंद झाली, यंत्र आलं,
त्याच्या काचेवर करड्या मुंग्या.
पांढऱ्या घोड्याचं वर्ष होतं ते.
त्या वर्षीची मुलगी म्हणे उधळते,
कुणाला आवरत नाही.
सासवा सुनांच्या पिशव्या मांडीवर घेऊन
बाकावर बसून राहायच्या.
डॉक्टर बोलायचे नाहीत, खोकायचे.
एकदा खोकले तर मुलगा.
दोनदा खोकले की मी ट्रे भरायची.
तेव्हाही कलम होतंच.
झोपलेलं. कुणी उठवलं नाही.

उठवलं यून-बोकच्या नवऱ्यानं.
घटस्फोटात, घर कुणाचं या भांडणात,
पोलिसांपुढे नेऊन ठेवली
तीन वर्षांपूर्वीची दवाखान्याची पावती.
त्या दिवशी तिला सोडायला तोच आला होता,
बाहेर थांबला होता स्कूटर चालू ठेवून.
दंड झाला. तिनं तो भरला
मासळी बाजारातल्या पत्र्याच्या डब्यातून,
सुट्या नोटांत, खेकड्यांच्या वासासकट.
कोर्टातल्या माणसानं नाक मुरडलं,
पण मोजल्या. थुंकी लावून.

नऊ जणांच्या निकालात तिचं नाव नाही.
निकालात स्त्री असते, गर्भ असतो, राज्य असतं.
खोकला नसतो. स्कूटर नसते.

नातीचा फोन आला सोलहून, सो-दामचा.
कोर्टाबाहेर पोरी एकमेकींच्या गळ्यात पडून रडतायत म्हणाली,
तीही रडत होती, आनंदानं.
मग एकदम शांत होऊन विचारलं,
आजी, तुला किती वर्षं झाली असती गं?
मी खरंच हिशेब करायला गेले.
दिवसाला कधी तीन, कधी सात,
ज्या स्वतः आल्या त्या वेगळ्या,
ज्यांना आणलं त्या वेगळ्या,
आणि मला तर ट्रे दोघींसाठी एकच.
तिला हे सांगितलं नाही.
म्हटलं, रस्सा उतू जातोय, ठेवते.
चूल अजून पेटवलीही नव्हती.

मुदत संपली त्या रात्री कुठेच घंटा वाजली नाही.
साथ होती, लोक दारं लावून घरात.
संसदेनं नवीन काही लिहिलं नव्हतं.
जुनं बारा वाजता आपोआप गळलं,
झोपेत पडावी तशी दाढ,
रक्त नाही, आवाज नाही.

सकाळी यून-बोक खेकडे घेऊन आली.
काही बदललं का, म्हणाली.
मी म्हटलं, बस.
जीभ अजून त्याच जागी जाते,
चाचपते,
काही नाही तिथं,
पुन्हा जाते.